रस्ता नाकासमोर, मावशी दारात

शिवणमावशींचं घर रस्त्याच्या नाकासमोर. सरळ येणारा रस्ता त्यांच्या पायरीशी संपतो आणि डावी-उजवीकडे फुटतो. एकतीस वर्षं त्या दारातच मशीन मांडून बसल्या. सुईत दोरा ओवायला उजेड तिथलाच, गिऱ्हाईकही तिथलंच. मावशी लांबूनच दिसायच्या, कुणाला पत्ता विचारावा लागायचा नाही. नवरा गेल्यावर त्याच दारात पायडल मारत त्यांनी मुलगा वाढवला.

आता त्या मुलाचं दुकान चालेना, म्हणून त्यानं फेंगशुईवाला आणला. गृहस्थानं होकायंत्र टेकवायला मशीनवरचं कापड बाजूला ढकललं. तिथंच मावशींच्या कपाळाची शीर उठली.

"घराची जागाच वाईट," तो म्हणाला. "रस्ता बाणासारखा आत घुसतोय. हे दार बुजवा, बोळातून नवं काढा. तोवर वर आरसा टांगा, बाण उलटा फिरेल."

"आणि मी कुठं बसू?"

"आतल्या खोलीत, आई," मुलगा म्हणाला. "मोठा दिवा लावून देतो."

"काळ्या कापडावर काळा दोरा, दिव्याखाली? माझे डोळे काय मांजराचे आहेत?"

"तुला कशाचं काही पटतच नाही!"

"दुकान अकराला उघडतोस, ते कुठल्या दिशेत बसतं, विचारलंस का यांना?"

सून तोंड फिरवून हसली. मुलानं मात्र हट्टानं आठ कोपऱ्यांचा आरसा सुतळीनं दारावर टांगला आणि शनिवारसाठी गवंडी सांगितला. आईला विचारलंसुद्धा नाही. चार दिवस मावशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते मशीनच खडखडत होतं.

शुक्रवारी ऊन कललं आणि एक टेम्पो थेट पायरीवर चढला. मशीनपासून हातभरावर थांबला. मावशींच्या हातातली कॉलर हातातच राहिली.

"बघ, लागला ना बाण!" मुलगा धावत आला.

"कसला बाण?" ड्रायव्हर डोळे चोळत उतरला. "तुमच्या आरशानं ऊन डोळ्यांत मारलं. वीस वर्षं याच रस्त्यानं येतोय, आजवर पायरीला चाक लागलं नव्हतं!"

मावशी स्टुलावर चढल्या, कापडाची मोठी कात्री घेऊन. त्या कात्रीनं लहानपणी एकदा पतंगाचा कागद कापला म्हणून मुलाच्या गालावर पाच बोटं उठली होती. कापडाशिवाय तिला दुसरं काही लावायचं नाही, हा घरचा कायदा. तिनंच त्यांनी कचाकच सुतळी कापली. सुटलेला आरसा मुलानं खाली झेलला.

"मेले असते आत्ता, तुझ्या शुभ आरशापायी!"

शनिवारी गवंडी आला.

"पायरी नीट कर," मावशी म्हणाल्या. "दाराला हात लावलास, तर तुझी थापी बोळात फेकीन."

मग कात्री मुलापुढं आपटली.

"सुतळीनं धार गेलीय. लावून आण. आणि आठला नीघ, अकराला नाही."