एकीचीबी मान खाली न्हाई

हौसामावशींकडे कोणी घरातल्या गेलेल्या बाईचं चित्र काढून घ्यायला आलं, की त्या नाकडोळे विचारत नसत. "भांडताना कशी हुबी ऱ्हायची त्ये सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न. मग ती कुणाला भ्यायची, कशावर हसायची, नवऱ्याला काय म्हणून हाक मारायची. ज्या बाईला मावशींनी जन्मात पाहिलेलं नसायचं, तिचा चेहरा एवढ्या भांडवलावर उभा राहायचा आणि लेकीसुना तो बघून रडायच्या. मला या रडण्याचा फार राग यायचा.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. पुण्यात राहून रीतसर पदविका घेतलेली, डोक्यापासून हनुवटीपर्यंतची मापं तोंडपाठ. मावशी तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये झाडलोट करायच्या. बंगला रंगवून झाला, की डब्यांच्या तळाशी राहिलेला ऑइलपेंट आणि प्लायवूडचे तुकडे घरी आणायच्या. आमच्या मावळातल्या जुन्या बायकांचे धड फोटो नसतातच. असलाच तर आधार कार्डावरचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. त्यामुळे कुणाचं वर्षश्राद्ध जवळ आलं, की पार सुदुंबऱ्यापासून लोक मावशींचं घर शोधत यायचे. अधूनमधून त्या मनानेच पोरी रंगवायच्या. एक उधळलेला बैल अडवणारी, एक मास्तरांना उलट उत्तर देणारी. "एकीचीबी मान खाली न्हाई," असं त्या ठसक्यात सांगायच्या.

माझ्याकडेही लोक यायचे, प्रमाणपत्रांवर नावं लिहून घ्यायला.

महिला दिनाला मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेत चित्रांचं प्रदर्शन ठेवलं, तेही मावशींच्या. मांडणीचं काम माझ्या गळ्यात. चित्रं आदल्या दिवशी माझ्या वर्गात आली. त्यात आंबी गावच्या ताराबाईंचं एक होतं. त्यांच्या कमल नावाच्या लेकीने ते आधीच पाहून पसंत केलं होतं, प्रदर्शन संपल्यावर घरी नेणार होती. एक डोळा बारीक, हनुवटी एका बाजूला गेलेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शोभणार नाही अशी चूक. मी दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासात दोन्ही डोळे सारखे केले, हनुवटी मधे आणली. मनाला सांगितलं, मदतच करतेय. खोटं होतं ते. मला मावशींची चूक सगळ्यांना न सांगता सगळ्यांपुढे सिद्ध करायची होती.

दुसऱ्या दिवशी कमल आली, चित्रापुढे उभी राहिली. मग मावशींकडे वळून म्हणाली, "ही माजी आई न्हाई."

मावशींनी चित्र बघितलं, ओल्या रंगाला बोट लावलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सगळ्या शाळेदेखत माझी शोभा होणार. पण त्या कमलला म्हणाल्या, "जरा काम ऱ्हायलंय. ह्या बाई करून देतील. तू त्यास्नी आईचं सांग." आणि चहा प्यायला निघून गेल्या.

मग कमल सांगत बसली आणि मी ऐकत. ताराबाईंच्या गालात कायम पानाचा तोबरा असायचा, म्हणून हनुवटी तिकडे. आणि समोर आपल्याहून मोठा माणूस असला, की त्या एक डोळा बारीक करून बोलायच्या. कारखान्यासाठी शेत मोजायला साहेब आले, तेव्हा बांधावर उभं राहून त्यांनी असाच डोळा बारीक केला होता आणि साहेब मोजणी न करताच गेले होते. मी त्या बाईचा नेमका तोच डोळा सरळ केला होता.

मी तो पुन्हा काढला. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा कमल हळूच म्हणाली, "आली." पदराने डोळे टिपले आणि चित्र घेऊन गेली.

वर्ग रिकामा झाल्यावर मी मावशींना विचारलं, मला तिथेच का नाही झापलंत? त्या माझे ब्रश धूत होत्या.

"तुमच्या पोटात दुखतंय त्ये मला ठावं हुतं, बाई. माज्याबी दुखायचं. कामावर येता-जाता ह्या खिडकीपाशी हुबी ऱ्हाऊन बघायची मी, तुमी पोरांना शिकवताना. मला कुनी पेन्सिल कशी धरायची त्येबी दावलं न्हाई."

उद्यापासून वर्गात येऊन बसा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मनात आलं, कुणी न शिकवता या असं रंगवतात, शिकल्यावर माझं काय उरेल? मी म्हटलं, ब्रश राहू द्या, मी धुते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मावशी वारल्या, तोवर मी त्यांना वर्गात बोलावलंच नव्हतं.