निळ्या ठिपक्याचे चेंडू

एकतीस वर्षं चेंडू घासण्यात घालवलेला माणूस, अशी कॅझ ओलेनिकची ओळख करून दिली की बाहेरगावचे लोक हसतात. ईरीत कोणी हसत नाही. तळ्याकाठच्या या गावात नोव्हेंबरात बर्फाचे फटकारे सुरू होतात, बोटं गारठून जातात, आणि अशा हवेत चेंडू हातातून सटकला तर काय होतं ते इथल्या शाळकरी पोरीलाही कळतं.

गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मैदानाखाली, धुलाईच्या यंत्रांना लागून, कॅझची सामानाची खोली होती. हेल्मेट, बूट, खांद्यांचे पॅड, सगळं त्याच्याच ताब्यात. पण ते तो कोणाकडेही सोपवायचा. चेंडू मात्र नाही. कारखान्यातून आलेला नवा चेंडू मेणचट असतो, धरवत नाही. तो ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशने घासायचा, तेल चोळायचं, वाळवायचा आणि परत घासायचा. किती घासायचा हे ज्याच्या हातातून तो जाणार त्या क्वार्टरबॅकवर अवलंबून. संघातला सगळा खेळ ज्याच्या फेकीवर चालतो तो क्वार्टरबॅक. त्याची लहर सांभाळायची म्हणजे सोपं काम नव्हे.

डेल हनिकट अकरा वर्षं ईरीचा क्वार्टरबॅक होता. वय सदतीस, लांबलचक हात, तोंड फटकळ. त्याला चेंडू कोरडा आणि खरबरीत लागायचा. एकदा कॅझने नुसता ब्रश बदलला होता, तर डेलने तीन चेंडू परत पाठवले आणि वर विचारलं, "म्हाताऱ्या, हे काय बायकोकडून घासून घेतलेस काय?" तेव्हापासून कॅझ त्याला मनातून मानायचा. मापाशिवाय माप कळणारा हात त्याने दुसरा पाहिला नव्हता.

दुसरा पाहिला तो जामिर प्रूइटचा. हा राखीव क्वार्टरबॅक, चोवीस वर्षांचा, लुइझियानाचा. मोठ्या माणसांना 'मिस्टर' लावून बोलणारा. त्याला चेंडू मऊ, बोटांना चिकटेल असा हवा. दोघांच्या चेंडूंची गल्लत होऊ नये म्हणून कॅझ चेंडूच्या शिवणीवरच्या नाडीच्या टोकाशी पेनाने बारीक ठिपका करायचा: डेलचा निळा, जामिरचा हिरवा.

त्या मोसमात सगळ्या गावाला एकच विषय होता. ओमाहाच्या संघाला जामिर हवा होता. बदल्यात ते एक धिप्पाड गडी द्यायला तयार होते, डेलच्या पुढ्यात उभा राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवणारा. पुढच्या मंगळवारी दुपारी चारला अदलाबदलीची मुदत संपत होती. द्यावा की ठेवावा? न्हाव्याकडे तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच.

कॅझची चूक झाली ती त्याआधीच्या गुरुवारी. चेंडूंच्या दोन्ही कापडी पिशव्या धुवून आल्या होत्या आणि भरताना त्याने उलट्यासुलट्या भरल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. सरावानंतर चेंडू पुसायला घेतले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. डेलने पूर्ण दोन तास हिरव्या ठिपक्याचे चेंडू फेकले होते. आता हा येऊन आपली सालटी काढणार, म्हणून कॅझ तयारीत बसला.

डेल आला, टॉवेल फेकला, "उद्या भेटू," म्हणाला आणि निघून गेला.

मग जामिर आला. काउंटरपाशी जरा घुटमळला. "मिस्टर कॅझ, चुकीचं असेल तर माफ करा. आज माझे चेंडू माझे नव्हते का?"

"तुला कधी कळलं?"

"पहिलाच हातात घेतला तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हीच काहीतरी ठरवून केलं असेल."

पोरगं गेलं आणि कॅझ त्या चेंडूंकडे बघत बसला. ज्या माणसाला ब्रश बदललेला कळायचा त्याला आज चेंडूच बदललेला कळला नव्हता. याचा एकच अर्थ होता. डेलच्या बोटांना लागतच नव्हतं काही.

शुक्रवारी पोलिश क्लबात तळलेल्या पर्च माशांची पंगत असते. कॅझचा मेहुणा लेनी तिथे भलत्याच जोरात होता. त्या आठवड्यात सामना नसल्यामुळे त्याचं डोकं तसंही रिकामं होतं.

"देऊन टाका पोराला," लेनी माशाचा काटा नाचवत म्हणाला. "डेलकडे एक-दोन वर्षं उरलीत. त्याच्यापुढे तो पहाड उभा करा, बघा विजेतेपद येतं की नाही. पोराचा करार संपला की तो तसाही जाणार. बाकावर बसवून लोणचं घालायचंय का त्याचं?"

"आणि डेलच पडला तर?" वाढायला आलेल्या रोझॅनने विचारलं. "मग तू जाणार आहेस फेकायला? तुला इथून मिठाची बाटली सरळ सरकवता येत नाही."

सगळे हसले. लेनी कॅझकडे वळला. "हा बघ, हा आत असतो आणि तोंड शिवून बसतो. अरे बोल की. तुला काय वाटतं?"

"मासा गार होतोय तुझा," कॅझ म्हणाला.

तोंड शिवून बसणं हा त्याच्या खोलीचा नियमच होता. आधी ती खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने किल्ल्या देताना तोच एक नियम सांगितला होता: काउंटरवर आलेली गोष्ट काउंटरच्या बाहेर जायची नाही. कॅझने तो पाळला. लोकांचे घटस्फोट, सुजलेले गुडघे, मोठमोठ्या गड्यांची रडणी, सगळं त्याच्या पोटात होतं.

त्यात बूकरही होता. वीस वर्षांपूर्वीचा, आडदांड आणि हसरा. हेल्मेट बदलून घ्यायला आला आणि सहज म्हणून गेला की आजकाल एकाचे दोन दिसतात, कोणाला बोलू नकोस. कॅझ बोलला नाही. बूकर पुढे दोन मोसम डोक्याने धडका देत राहिला. आज तो एका शुश्रूषागृहात असतो आणि भेटायला आलेल्या स्वतःच्या मुलींना विचारतो, तुम्ही कोणाच्या? कॅझ दर नाताळात त्याच्याकडे जातो. परतताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून थोडा वेळ बसतो, मग घरी येतो.

शनिवार-रविवार त्याने मनाशी वाद घातला. सोमवारी सकाळी खोली उघडली तेव्हा वाद संपलेला होता.

डेल नऊला आला. "म्हाताऱ्या, माझे जाड मोजे कुठे लपवलेस?"

कॅझने मोजे दिले नाहीत. दार लावलं आणि काउंटरवर दोन चेंडू ठेवले, नाडी खालच्या बाजूला. "डोळे मीट. तुझा कोणता ते सांग."

"सकाळी सकाळी घेतलीस की काय?"

"मीट म्हणतो ना."

डेलने हसत डोळे मिटले. एका चेंडूवर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला. मग पुन्हा पहिल्यावर. हळूहळू हसू मावळलं. बोटं चामड्यावर चाचपडत राहिली, चष्मा हरवलेला माणूस टेबल चाचपडतो तशी. शेवटी तो म्हणाला, "हा."

कॅझने चेंडू उलटला. हिरवा ठिपका.

"पुन्हा," डेल म्हणाला.

पुन्हा हिरवाच निघाला. डेल बाकावर बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला.

"कधीपासून?" कॅझने विचारलं.

"ऑगस्टपासून. मानेत आहे काहीतरी. धक्का बसला की हातात वीज जाते आणि मग ही दोन बोटं नसल्यासारखीच. फेकतो ते सवयीने."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टरला विचारलं तर तो सांगेल ना. म्हणून विचारलं नाही." डेल मान खाली घालून बोलत होता. "तो ओमाहाचा पहाड येऊ दे. मग मला कोणी हातसुद्धा लावणार नाही. एवढा मोसम काढतो, कॅझ. एवढाच."

"पहाड असला तरी एखाद्या वेळी चुकतोच. तुझ्या मानेला एकच चूक पुरे आहे. आणि पोरगं गेलं की तुझ्या मागे माणूस नाही. मग दुखलं तरी तूच, बधिर झालं तरी तूच. चाकाच्या खुर्चीत बसेपर्यंत तूच."

"काउंटरची गोष्ट काउंटरवर. तूच सांगितलंस मला, पहिल्या दिवशी."

"बूकरलाही सांगितलं होतं."

डेलने मान वर केली. बूकरचं नाव या इमारतीत कोणी सहजासहजी घेत नसे.

"उद्या दुपारी बारापर्यंत तू स्वतः वर जा," कॅझ म्हणाला. "हॅलोरनला सांग." हॅलोरन म्हणजे संघाचा व्यवस्थापक, कोण येणार, कोण जाणार हे तोच ठरवायचा. "तू नाही गेलास तर मी जाईन."

"माझं नाव घेऊन सांगशील?"

"नाव घेऊन."

"मग आपलं संपलं, कॅझ. अकरा वर्षांचं."

"संपू दे," कॅझ म्हणाला. त्याने शब्द मागे घेतला नाही. "तू चालता-फिरता राहिलास तर मला शिव्या द्यायला तरी येशील."

डेल उठला आणि मोजे न घेताच गेला.

मंगळवारी कॅझ घरून येताना काळा कोट हातावर घेऊन आला. तो कोट फक्त अंत्यविधीला बाहेर निघायचा. अकरापर्यंत त्याने हेल्मेटं पुसली. डेल आला नाही. साडेअकराला बूट लावले. डेल नाही. बाराला दहा कमी असताना त्याने एप्रन काढून खिळ्याला टांगला, कोट चढवला, एक निळ्या आणि एक हिरव्या ठिपक्याचा चेंडू पिशवीत घातला आणि जिना चढायला लागला. वरच्या मजल्यावर तो एकतीस वर्षांत दोनदा गेला होता, दोन्ही वेळा छपराचं पाणी गळतं म्हणून सांगायला. आपली नोकरी जाईल, गेलेल्या नोकरीपेक्षा लोक चुगलखोर म्हणतील ते जास्त लागेल, हे सगळं त्याला दिसत होतं. पाय थांबले नाहीत.

जिन्याच्या वळणावर डेल वरून उतरत होता. डोळे लाल. त्याने कॅझला कोटापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"कोण मेलं?"

"बारा वाजत आलेत," कॅझ म्हणाला.

"अजून वाजले नाहीत."

"बेचाळीस पायऱ्या आहेत. माझे गुडघे बघून लवकर निघालो."

डेल पायरीवरच बसला. "नऊला गेलो होतो. डॉक्टर, हॅलोरन, प्रशिक्षक, सगळ्यांसमोर सांगितलं. सकाळपासून मानेचे फोटो काढतायत. हॅलोरनने ओमाहाला फोन करून नाही म्हणून कळवलं. डॉक्टर म्हणाला, अजून एक जोराचा धक्का बसला असता तर नुसता हात नाही, सगळंच गेलं असतं." त्याने कॅझच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "तू खरंच येणार होतास."

"कोट घातलाय ना."

कॅझही कण्हत कण्हत त्याच्या शेजारी बसला. डेल रडला, मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता आणि बराच वेळ. कॅझने त्याच्या पाठीवर हात ठेवला, मानेपासून दूर. खालून जामिर वर येत होता. दोघांना पाहून तो परत फिरला.

"मला दुसरं काही येत नाही," डेल म्हणाला. "हे सोडून मी काय करू?"

कॅझने त्याला हाताला धरून उठवलं. उत्तर सुचलं ते नंतर.

बुधवारी बातमी गावभर झाली. शुक्रवारी लेनी पोलिश क्लबात सगळ्यांना ऐकवत होता की पोराला सोडू नका म्हणून तो पहिल्यापासून कंठशोष करत होता. रोझॅनने त्याच्या पुढ्यात मिठाची बाटली ठेवली. कॅझने मासा संपवला.

सामन्याच्या दिवशी क्वार्टरबॅकने सकाळी सातला खोलीत यायचं, घासून ठेवलेल्या चोवीस चेंडूंतले बारा निवडायचे, अशी रीत आहे. त्या रविवारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. सातला पाच कमी असताना दार उघडलं आणि डेल आत आला, गळ्यात जाड पट्टा, ताठ मान. सवयीने आला होता. आत आल्यावर आपलं इथे काम नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो दारातच अडखळला.

कॅझने खिळ्यावरून दुसरा एप्रन काढला आणि त्याच्याकडे फेकला. "बावीस झालेत. दोन राहिलेत. बस तिथे."

"मला लागत नाही बोटांना काही, माहीत आहे ना तुला?"

"घासायला मनगट लागतं. कितपत झालंय ते तुला नजरेने कळतं, माझ्यापेक्षा जास्त. बस."

डेल बसला. कॅझने त्याच्या मांडीवर फडकं टाकलं, ब्रश दिला, एक कोरा चेंडू दिला. थोड्या वेळाने जामिर आला आणि बावीस चेंडू एकेक करून उचलून बघायला लागला. अकरा बाजूला काढले. बारावा काही मिळेना. मग त्याची नजर डेलच्या हातातल्या चेंडूकडे गेली.

"मिस्टर डेल, तो बघू का?"

डेलने चेंडू उजेडात धरला, डोळे बारीक करून न्याहाळला.

"थांब," तो म्हणाला. "अजून कोरडा आहे. तुला मऊ लागतो." आणि पुन्हा घासायला लागला.

कॅझने पेन उघडलं, हिरवं, आणि डेलचं होईपर्यंत शेजारी उभा राहिला.