चिमणीभोवतीची जागा

रेणापूरजवळच्या आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्यामुळं आली. ती ज्या लातूरच्या कॉलेजनं दिली, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. तिथल्या सरांनी मला वसतिगृहात जागा मिळवून दिली, स्वतःचे रंग वापरू दिले. त्यामुळं नव्या वाचनालयासाठी त्यांनी चित्र मागितलं तेव्हा नकार सुचलाच नाही.

मी नांदेडला चित्रकला शिकवतो. अलीकडं चित्राबरोबर हायकू लिहून पाहतो. तीन ओळी लिहायच्या आणि गप्प बसायचं. आमच्याकडं नुसतं प्रास्ताविक पाऊण तास चालतं, त्यामुळं हे गप्प बसणं शिकायला वेळ लागला. मोठ्या पांढऱ्या कागदाच्या कोपऱ्यात एक चिमणी काढली. खाली लिहिलं:

वाळला नळ
तोटीवर चिमणी
मान वाकडी

चिमणीला एक दुपार लागली. भोवतीचं पांढरं तसंच राखायला तीन महिने.

उद्घाटनाला गेलो तर दारातच चित्राचा वीस फुटी फ्लेक्स. चिमणी होती. तिच्याभोवती संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि हात जोडलेले अकरा शुभेच्छुक. मधली ओळ उपाध्यक्षांच्या फेट्याखाली गेलेली.

फ्लेक्सवाला शिडीवरूनच म्हणाला, "लई जागा वाया चालली व्हती सर. समद्यांना बसवून घेतलं. न्हाईतर लोक म्हणले असते, काम अर्धंच केलं."

माझा सत्कार झाला. मी हायकू वाचून दाखवला. सभागृह थांबून राहिलं.

"पुढं?" अध्यक्षांनी विचारलं.

"एवढंच आहे, साहेब."

"एवढंच? बरं, मग आता आम्ही बोलतो," म्हणाले, आणि तासभर बोलले. पाणीटंचाईपासून चिमणीपर्यंत सगळं आलं. टाळ्या पडल्या.

जेवणाआधी सरांनी मला खोलीत बोलावलं. मूळ चित्र टेबलावर होतं, शेजारी मार्कर.

"वाचनालयात फ्लेक्सच राहू दे, लांबून दिसतो. हे साहेबांना वाढदिवसाला देऊन टाकू. मधे मोठ्या अक्षरात त्यांचं नाव घाल. तुझं अक्षर झकास आहे."

"सर, ती जागा मोकळीच ठेवायची आहे."

"कशासाठी?"

"ती मोकळी जागा हेच चित्र आहे, सर."

सरांनी चष्मा काढला. "घडवलं कोणी तुला? आता आम्हालाच शिकवायला लागलास, बाबा?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याच रंगांनी मी पहिली चिमणी काढली होती. मार्कर हातात घेतला, टोपण उघडलं, परत लावलं. चित्राची गुंडाळी करून काखेत धरली आणि वाकून सरांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वादाला एक हात उचलला. दुसऱ्या हातानं गुंडाळीचं टोक धरून ओढलं.

पाया नीट पडलो. काख मात्र सैल सोडली नाही.