हायवेवर वहिवाट पडत नाही

"आप्पा, मागे ट्रक आहे. साईड द्या."

"दिसतोय मला."

"मग द्या ना."

"का म्हणून? मी माझ्या रस्त्याने चाललोय. त्याला घाई असेल तर त्याने घरातून लवकर निघायचं."

हातखंब्याहून पालीकडे जाताना आमचं हे चाललं होतं. स्पीड पंचवीस. गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला आणि वळणाच्या तोंडावरच त्याने ट्रक उजवीकडून काढला. समोरून बस आली. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. ट्रक कसाबसा आमच्या पुढे घुसला. त्या दिवशी तो ब्रेक नसता तर हे लिहायला मी नसते.

आप्पांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बघितलंस? कसले माजलेत."

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. रत्नागिरीत एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी इन्स्ट्रक्टर होते. बाई गाडी शिकवते म्हणून लोक वळून बघायचे, पण शिकायला यायचे. आप्पा आंब्याचे बागायतदार, वय साठीला टेकलेलं. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकींना, कॅन्सर निघाला होता. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी कोल्हापूरला न्यायचं. मुलगा मुंबईत. ड्रायव्हर नोकरी सोडून जाणार होता. आप्पांनी ठरवलं की आपणच गाडी शिकायची.

शिकले पटापट. क्लच, गिअर, रिव्हर्स, सगळं. फक्त साईड देत नव्हते.

साईड देणं म्हणजे फार काही नसतं. मागचा डिपर देतो, म्हणजे हेडलाईट उघडझाप करतो. आपण आरशात बघायचं, समोर मोकळं आहे का बघायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, गाडी जराशी डावीकडे घ्यायची. तो जातो. पाच सेकंदांचं काम. पण लायसन्सच्या टेस्टला हे कोणी विचारत नाही. मैदानावर इंग्रजी आठाचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, की पास.

आमच्या स्कूलचे मालक, भाऊ, हेच म्हणत होते. "अगं, आठ काढतात ना नीट? मग शिकून झाल्याच्या सर्टिफिकेटवर सही करून टाक. टेस्ट गुरुवारी आहे."

"भाऊ, हायवेवर मरतील ते. काकींना घेऊन मरतील."

"तुला काय करायचंय? लायसन्स आपण देतो का?"

"सही माझी आहे ना? मी नाही करणार."

"मग मी दुसऱ्याकडून करून घेईन."

"घ्या. आणि माझी खुर्ची पण द्या त्याला."

भाऊंनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. बोलले मी जोरात, पण रात्री महिन्याच्या खर्चाचा हिशोब करत बसले. नोकरीची गरज मला होतीच.

दुसऱ्या दिवशी हातखंब्याला चहा घेताना मी सरळ विचारलं, "आप्पा, तुम्ही आडमुठे नाही. मग साईड द्यायला काय जातं तुमचं?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "तुला सांगतो. आमच्या बागेतून शेजाऱ्याची वाट आहे. पूर्वी नव्हती. त्याचा बाप लाकडाची मोळी घेऊन फिरून जायचा. आमच्या बाबांना दया आली. म्हणाले, जा रे इथून. एकदाच म्हणाले हो. आता ते कोर्टात सांगतात, आमची वहिवाट आहे. जीप न्यायचीय त्यांना माझ्या कलमांतून. एकदा वाट दिली ना बाय, की वहिवाट पडते. मग तुमची जागा तुमची राहत नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. हा माणूस मुंबई-गोवा हायवेवर दगडी कुंपणाचा गडगा घालून बसला होता. मी म्हटलं, "आप्पा, या रस्त्याचा सातबारा तुमच्या नावावर नाही."

"तुझं खरं. पण पाय उचलत नाही गो," म्हणाले.

मी सही केली नाही. गुरुवारची टेस्ट हुकली. आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले.

त्यातच काकींच्या इंजेक्शनचा दिवस आला आणि ड्रायव्हर आला नाही. सकाळीच काकींचा फोन. "हे चिडलेत तुझ्यावर, ते राहू दे. तू येशील का?" मी रजा टाकली आणि गेले.

जाताना ठीक होतं. परत येताना आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या पुढे एक टेम्पो आडवा आला. वीसच्या स्पीडने, रस्त्याच्या मधून. सायलेन्सरमधून काळा धूर. इंजेक्शन घेतलेल्या माणसाला साधा फोडणीचा वास सोसत नाही, हा तर डिझेलचा धूर. मी डिपर दिला, हॉर्न दिला. तो बाजूला होईना, वळणांमुळे ओव्हरटेक करता येईना, आणि थांबावं तर काकींना घरी पोचायला उशीर. काकींना दोनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा काही निघालंच नाही, नुसती उबळ येत होती. आप्पा मागच्या सीटवर त्यांचं डोकं धरून बसले होते.

"हॉर्न मार," आप्पा ओरडले. "मेल्याला ऐकू येत नाही काय? रस्ता याच्या बापाचा आहे?"

मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. बोलायची वेळ नव्हती, पण बोलले. "त्याला वाटत असेल, एकदा दिली की वहिवाट पडते."

आप्पांनी खिडकीची काच वर घेतली. काकी डोळे मिटूनच म्हणाल्या, "बरोबर बोलली ती."

नाणीजला टेम्पो थांबला तेव्हा कुठे रस्ता मिळाला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा स्कूलच्या दारात उभे. गाडीत बसले, हायवेला लागलो. पाच मिनिटांत मागून ट्रकने डिपर दिला. मी तोंड बंद ठेवलं. पाय मात्र ब्रेकवर होता. आप्पांनी आरशात बघितलं, समोर बघितलं, गाडी डावीकडे घेतली, खिडकीतून हात काढून जा म्हणून खूण केली. ट्रक गेला. जाताना त्याने हॉर्नची एक बारीकशी पिपाणी वाजवली.

"हे काय?"

"थँक्यू म्हणाला."

आप्पांनी पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "गेला की. आणि रस्ता परत आपलाच."

त्या आठवड्यात मी सही केली. भाऊंनी कागद उचलला आणि एवढंच म्हणाले, "हट्टी आहेस."

पुढे काही महिन्यांनी एका नव्या बाईंना पालीजवळ शिकवत होते. मागून पांढऱ्या गाडीने डिपर दिला. "साईड द्या," मी म्हटलं. गाडी बाजूने पुढे गेली. स्टिअरिंगवर आप्पा. शेजारी डोक्याला रुमाल बांधून काकी, खिडकीतून मला हात करत होत्या. लायसन्स मिळाल्यावर कोल्हापूरच्या सगळ्या फेऱ्या आप्पांनी स्वतः केल्या. मीही हात करत राहिले, आणि त्या नादात नव्या बाईंनी गाडी मातीत घातली.

नंतर बाजारात आप्पा भेटले तेव्हा मी विचारलं, "आणि ती बागेतली वाट? दिलीत की नाही?"

"छे. केस चालू आहे," आप्पा म्हणाले. "तो काय डिपर देऊन मागतो?"

माझी सही फक्त रस्त्यापुरती होती.