पागेचा उंबरठा

आधी घर आणि मग माणूस, या क्रमाने जग पाहणारा माझ्या मामेसासऱ्यांसारखा दुसरा गृहस्थ मला भेटलेला नाही. सगळी नोकरी विमा कंपनीत झाली. पण मत विचाराल तर, आणि न विचारताही, ते तुळया, वासे आणि कमानी यांच्यावरच देतात. दर उन्हाळ्यात ते नागपूरहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या कासलबारला येत. पहिल्या खेपेला विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांची नजर छतावर होती. "पोकळ आहे," एवढंच म्हणाले. आशीर्वाद द्यायचा राहिला हे त्यांना गाडीत बसल्यावर आठवलं.

शेजारच्या गावातली इंग्रजी अमदानीतली सराई मात्र त्यांना पाहताक्षणी आवडली. बग्गी आत जाईल एवढी उंच कमान, मग फरसबंद चौक, चौकापलीकडे घोड्यांची पागा आणि पागेच्या दाराशी मधोमध झिजलेला दगडी उंबरठा. सराईचा आता पब झालाय, पागेतही टेबलं मांडलीत. पबमध्ये रोज येऊन फक्त चहा पिणारा इसम मालकीणबाई नोराने पहिल्यांदाच पाहिला असावा. पाऊस आला की इथली मंडळी दारातच उभी राहून सिगारेट ओढतात. मामांना ते सहन होईना. उंबरठ्यावर उभं राहायचं म्हणजे लक्ष्मीची वाट अडवायची. छत्री आपटत ते म्हणत, "इन ऑर आउट. नो मिडल." लोक हसत, पण सरकत. "युअर मॅन इज ग्रँड," म्हणजे हे गृहस्थ झकास आहेत, असं नोरा मला म्हणायची. नागपूरच्या त्यांच्या फ्लॅटला बिल्डरने उंबरठाच ठेवलेला नाही. मामी होत्या तोवर दारातल्या फरशीवरच रांगोळीची रेघ ओढून त्याला उंबरठा मानत. त्या गेल्या आणि रेघही गेली. हे मामांनी मला एकदाच सांगितलं, तेही पागेतल्या जुन्या गव्हाणीकडे पाहत.

गेल्या वर्षी व्हीलचेअर आत यावी म्हणून नोराने तो दगड काढायचं ठरवलं. तिचा मला हॉस्पिटलात फोन आला. ड्यूटी संपवून गेलो, तर उंबरठ्यावर कुणाला क्षणभर टेकू न देणारे मामा त्याच उंबरठ्यावर मांडी घालून बसलेले, आणि समोर पहार घेऊन कंत्राटदार.

"मामा, उंबरठ्यावर बसलात?"

"आजच्या दिवस माफ आहे, जावईबापू. घोडे गेले, बग्ग्या गेल्या. आता एवढा दगड काहून काढून राहिले हे?"

मी नोराला बाजूला घेऊन मामींच्या रेघेचं सांगितलं. मग तिने कंत्राटदाराला मागच्या दाराशी उतार बांधायला सांगितलं आणि मामांना चहा तिथेच आणून दिला.

यंदा डॉक्टरांनी त्यांना विमान बंद केलंय. मी स्वतः डॉक्टर आहे, रिपोर्ट पाहिलेत, वाद घालायला जागा नाही. परवा मी पागेसमोर उभं राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. भर पावसात एक म्हातारा शेतकरी आला, सिगारेट काढत दारात थबकला, खाली पाहिलं आणि नीट पाय उचलून उंबरठा ओलांडून आत गेला.

"डावा टाकला त्यानं," मामा म्हणाले. "पुढच्या वर्षी येतो, तेव्हा उजवा शिकवतो."

"या, मामा," मी म्हटलं, आणि फोन थोडा वेळ त्या दगडाकडेच धरून ठेवला.