भागीरथाबाईचे दोनशे चाळीस दिवस

समजा, तुमच्या उजव्या खांद्यावर बांबूचा भारा आहे. बारा-चौदा काड्या, दोन्ही टोकांना बांबूच्याच कांबीने बांधलेल्या. अर्धा भारा तुमच्या पुढे आहे, अर्धा मागे. पुढचं टोक तुम्हाला दिसतं, मागचं दिसत नाही. तुम्ही वळलात की तेही वळतं, आणि मागून येणाऱ्या बाईच्या कानशिलावर बसू शकतं. म्हणून वळण्याआधी "बाजू वो!" असं ओरडायचं. मग फळीवरून घराएवढ्या थप्पीवर चढायचं, भारा आडवा टाकायचा, आणि रिकाम्या खांद्याने खाली यायचं. बांबूची बारीक कुसं मानेत शिरतात, घामाबरोबर चुरचुरतात. खाजवायला थांबलात तर मागची रांग थांबते. असे दिवसाला ऐंशी भारे आता मनातल्या मनात उचलून बघा.

भागीरथाबाई हे काम वर्षानुवर्षं करत होती. नदीकाठच्या कागद कारखान्यात, बांबूच्या यार्डात. मी तेव्हा त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बांबूची ओल मोजायला लागलो होतो, म्हणून यार्डात रोजचं जाणं होतं.

ती सावली गावाकडची. घरी दोन एकर धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, आणि नवरा सोमाजी. धान आठ महिने पुरायचा, उरलेल्या चार महिन्यांसाठी ती कारखान्यावर आली. एकटी नाही, दोन शेजारच्या गावांतल्या बारा बायका एकत्र आल्या आणि कारखान्यामागे झोपड्या घालून राहिल्या. भागीरथाबाई त्यांत वयाने मोठी, पन्नाशीला टेकलेली, उंच, आणि तिचा आवाज असा की बांबूचे तुकडे पाडणारं चिपर यंत्र चालू असतानाही ऐकू यायचा.

१९५२ च्या शेवटी फंड आला. सक्तीचा. रुपयामागे एक आणा पगारातून कापणार, कारखाना तेवढाच आपल्याकडचा घालणार, आणि पंचावन्नाव्या वर्षी काम सुटलं की सगळं एकदम हातात. हजेरीबाबूंनी नियम वाचून दाखवला तेव्हा यार्डात एकच गलका झाला.

"आज खायाले नाई अन् म्हातारपणाचं ठेवा म्हन्ते!" रुखमाबाई म्हणाली. ही भागीरथाबाईची शेजारीण, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, जिभेने दुप्पट. "बाबू, मी म्हातारी होईन का नाई, तेच कोनाले ठाव?"

"तू होशीलच," भागीरथाबाई म्हणाली. "तुले न्यायाले यम घाबरते."

पण हसण्याने आणा वाचत नव्हता. यार्डातल्या बाईला महिन्याकाठी बत्तीस-तेहतीस रुपये पडत. त्यातले दोन जाणार, म्हणजे घरचं तेल-मीठ जाणार. मग हजेरीबाबूंनी नियमाचं पुढचं कलम वाचलं. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम भरेल, त्यालाच फंड लागू.

इथे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बारा जणी आषाढात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी जायच्या त्या महिना-सव्वा महिना परत यायच्या नाहीत. दिवाळीच्या सुमारास धान कापायला पुन्हा तेवढेच दिवस. शिवाय सलग दहा दिवस गैरहजर राहिलं की कारखाना नाव काढायचा, आणि परतल्यावर नवा बिल्ला द्यायचा. नवा बिल्ला म्हणजे दिवस पुन्हा एकपासून. दोनशे चाळीस कधी भरणारच नव्हते. "आपला आना वाचला!" म्हणून बायकांनी त्या दिवशी चहात जास्त साखर घातली. भागीरथाबाईनेही घातली. पुढे ती हे स्वतःच सांगायची, लाज न बाळगता.

तीन वर्षं आणा वाचत राहिला.

१९५६ च्या चैत्रात एकाच दिवशी दोन माणसं कामावरून उतरली. एक गुणवंतराव, यंत्रघरातले तेलवाले. दुसरा दसरू, यार्डाचा सगळ्यात जुना माणूस. पहिल्या वॅगनमधला पहिला भारा दसरूने उतरवला होता. दोघांनाही पंचावन्न पूर्ण. दोघांनाही एकेक नारळ आणि एकेक धोतर मिळालं. त्यानंतर हजेरीबाबूंनी गुणवंतरावांना कागदावर सही करायला आत बोलावलं. फंडाचे चारशे अठरा रुपये त्यांना मिळणार होते.

दसरू बाहेर बाकावर बसून राहिला. त्याला वाटलं, आपली हाक मागून येईल.

"घरी जा, दसरूभाऊ," शेवटी हजेरीबाबू म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं. "तुमचे दिवस कधी भरलेच नाहीत. दरवर्षी रोवणीला गेलात, दरवर्षी नवा बिल्ला."

"म्हन्जे मी आठ वर्सं नवाच होतो का?" दसरूने विचारलं. मग नारळ काखेत धरला आणि निघाला.

भागीरथाबाई हे फाटकाजवळ उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळी तिने बाकीच्या अकरा जणींना चुलीपाशी बसवलं.

"मले माहा आना कापून पायजे," ती म्हणाली.

"येड लागलं का वो?" रुखमाबाई. "तीन वर्सं वाचवला, आता वाटून राह्यली?"

"वाचवला कुठी? खाल्ला. अन् कारखान्याचा आना तर हातातच नाई आला. गुनवंतरावाच्या एका आन्यावर दुसरा आना चढत होता, आपन आपलाच धरून नाचत होतो."

"अन् रोवनी कोन करन? तुहा हजेरीबाबू?"

हाच खरा प्रश्न होता. धान सोडता येत नव्हता, कारण त्यावर घर आठ महिने खायचं. भागीरथाबाईला पंचावन्न पूर्ण व्हायला पाच वर्षंही उरली नव्हती. या वर्षी दिवस भरले नाहीत तर पुन्हा नवा बिल्ला, आणि दसरूच्या बाकावर बसायची पाळी तिच्यावर.

तिने जे सुचवलं ते गावातच रोज चालतं. आज सगळ्यांनी मिळून तुझी बांधी रोवायची, उद्या माझी. फक्त तिने ते कारखान्यापर्यंत ओढून आणलं. बारा जणींच्या तीन टोळ्या, चौघी-चौघींच्या. एका टोळीने रजा सांगून आठ दिवसांसाठी गावी जायचं आणि दिसेल त्या बांधीत रोवायचं, मग ती कोणाचीही असो. ती परतली की दुसरी, मग तिसरी. यार्डातून एका वेळी चौघीच कमी, म्हणजे साहेबांना हरकत नाही. आठच दिवस, म्हणजे नाव कटत नाही. कापणीलाही हाच क्रम. आणि दोनशे चाळीस भरतात.

यार्डाचा मुकादम झिंगू हे ऐकून पोट धरून हसला. "बायका दुसरीच्या बांधीत आधी रोवतीन? मी फाटकावर बसून पायतो, कोन पयले भांडत येते ते."

तरी रजा त्यानेच मंजूर करून आणली. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

रोवणीच्या तोंडावर पावसाने ताण दिला. बांध्यांत पाणी साचेना, आणि चिखलाशिवाय रोवणी होत नाही. पहिली टोळी, रुखमाबाईची, आषाढ उलटत आला तेव्हा निघाली. भागीरथाबाईची टोळी तिसरी होती, म्हणजे अजून सोळा दिवस. तिचे तेव्हा एकशे अठ्ठ्याऐंशी दिवस भरले होते. दर शनिवारी ती हजेरीबाबूंच्या खिडकीशी जाऊन आकडा विचारायची. ते वैतागायचे, पण सांगायचे.

टोळी सकाळी निघाली आणि त्याच दिवशी दुपारी सोमाजी फाटकाशी आला. पायी आणि मिळेल त्या बैलगाडीने दोन दिवस घालवून आला होता. हातात धानाच्या रोपांची, म्हणजे पऱ्ह्यांची, एक जुडी होती. पानांचे शेंडे पिवळे पडलेले.

"हे पाय," त्याने जुडी पुढे केली. "पानी आलं बांधीत. पन पऱ्हे म्हातारे होऊन राह्यले. आज नाई रोवले त फुटवा येनार नाई. चाल."

"माही पाळी सोळा दिसानं."

"पऱ्ह्याले सांग मंग, सोळा दिस थांबा म्हनून!"

"रुखमा गेली ना गावाले? ते रोवन."

"रुखमा?" सोमाजी हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "तिच्या बांधीत माह्यापेक्षा पिवळे हायेत. कोन आपलं सोडून दुसऱ्याचं रोवते वो? तू काऊन येत नाई, मले एवढंच सांग. वर्साचा धान जाईन."

भागीरथाबाईने जुडीचे पिवळे शेंडे बोटांनी चाचपले. फाटकावर झिंगू बसला होता, कान देऊन. एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर बांधी नक्की रोवली गेली असती. पण पाळीबाहेर गेली तर रजा नाही. जाण्या-येण्याचे चार दिवस आणि रोवणीचे सात-आठ धरले की नाव कटलं असतं. शिवाय तिनेच लावलेली पाळी तिनेच मोडली असती, आणि मग उरलेल्या अकरा जणींना कुठल्या तोंडाने थांबा म्हणणार?

"मी नाई येत," ती म्हणाली. "जेवून जा."

सोमाजी जेवला नाही. जुडी फाटकाशी टाकून निघून गेला. त्यानंतरचे सात दिवस भागीरथाबाई यार्डात नुसते भारे वाहत राहिली. "बाजू वो!" एवढंच. शनिवारी खिडकीशीही गेली नाही.

आठव्या दिवशी दुपारी पहिली टोळी परतली. पाय ढोपरापर्यंत चिखलाने फुटलेले, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या. रुखमाबाई झोपडीकडे न जाता सरळ थप्पीपाशी आली आणि खालूनच ओरडली,

"का वो भागीरथाबाई, तुह्या नवऱ्याले कोनी शिकवलं का नाई, बायकायले च्या पाजाव म्हनून? दोन दिस त्याच्या बांधीत वाकलो, एक घोट नाई!"

भागीरथाबाई खांद्यावरच्या भाऱ्यासकट थांबली. मागची रांगही थांबली.

"माही बांधी?"

"तुहीच. पयले तुहीच रोवली. तो इथून परत येताना रस्त्यात भेटला, तोंड पाह्यलं त्याचं, त म्हनलं आधी याचंच उरकू. नाईतर तू पळून येशीन, अन् आमचा आना बुडन."

"अन् तुही?"

"माही एक पट्टी राह्यली. दुसरी टोळी पाहून घेईन. ना पाह्यलं त तिचं मी पायतो!"

दुसऱ्या टोळीने पाहून घेतलं. पोळ्याच्या आत बारा जणींच्या सगळ्या बांध्या हिरव्या झाल्या, आणि बिल्ला एकीचाही बदलला नाही. फाटकावर भांडत कोणीच आलं नाही. झिंगूने तेवढ्यावरून एक दिवस चहा पाजला, आणि रुखमाबाईने त्यातही दूध कमी म्हणून त्याला सुनावलं.

भागीरथाबाईचा दोनशे चाळिसावा दिवस आश्विनात आला. हजेरीबाबूंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या हाताचा अंगठा कागदावर उठवून घेतला. अकरा जणींचे दिवस त्याच महिन्यात भरले. एक, सुकरी, पोराच्या दुखण्यात मागे राहिली. तिचे पुढच्या फाल्गुनात भरले, आणि तोवर तिची पाळी बाकीच्यांनी आपसांत वाटून घेतली.

पहिला कापलेला पगार नोव्हेंबरच्या सात तारखेला झाला. त्याच आठवड्यात आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण यार्डात त्याची चर्चा कमी आणि गुळाची जास्त. भागीरथाबाईने पगाराच्या रांगेतून बाहेर पडल्या पडल्या पदराखालून गुळाची ढेप काढली, भाऱ्याच्या कांबीनेच फोडली आणि खिडकीपासून वाटायला सुरुवात केली. हजेरीबाबू चष्मा वर करून बघत राहिले.

"बाई, तुमचा पगार दोन रुपयांनी कमी झालाय!"

"मंग? गोड खा ना, बाबू. चार वर्सं याचीच वाट पाहून राह्यलो."

"चार? तेव्हा तर तुम्ही कापू नका म्हणत होता!"

"तेव्हा मले हिसाब येत नव्हता. आता तुमच्यापेक्षा बरा येते."

रांगेतले पुरुष हसले, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, तेव्हा बांबूचं एक बारीक कूस जिभेला टोचलं. थुंकावंसं वाटलं नाही.

पुढच्या रोवणीला यार्डातल्या साठ बायकांनी टोळ्या पाडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पुरुषांनीही. झिंगू आता नव्या माणसाला बिल्ला देताना स्वतःच सांगायचा, "पाळी लाव, नाईतर जन्मभर नवाच राहाशीन." तेल-मीठ महिन्याला दोन रुपयांनी कमी आणावं लागलं, हे खरंच. भागीरथाबाईच्या चुलीवर महिन्याच्या शेवटी फोडणीशिवायची भाजी मी खाल्ली आहे. ती वाढताना म्हणायची, "हे भाजी मी म्हातारपनासाठी ठेवली हाय."

१९५८ च्या उन्हाळ्यात नागपूरहून फंडाचे निरीक्षक आले. तरुण, स्वच्छ सदऱ्यातले, मन लावून समजावणारे. यार्डात सावलीत सगळ्यांना बसवून त्यांनी प्रत्येकीला तिचा आकडा वाचून दाखवला. भागीरथाबाईच्या नावावर कारखान्याचा वाटा धरून सत्तरच्या वर रुपये जमले होते. टाळ्या पडल्या. निरीक्षकांनी सहज विचारलं, कोणाला काही शंका?

भागीरथाबाई उठली. भारा नसतानाही आधी मागे बघून घेतलं.

"सायेब, मोठ्या पगारवाल्याचा आना मोठा. आमचा लहान. म्हन्जे म्हातारपनी त्याची थैली मोठी, आमची लहान."

"बरोबर. जेवढा पगार, तेवढा भाग. नियम सगळ्यांना एकच."

"नियम एकच हाय, ते समजलं. मी खुश हाय सायेब, गूळ वाटला मी. पन भूक म्हातारपनी पगार पाहून लागते का?"

निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि नागपूरला विचारून कळवतो म्हणाले. त्यानंतरही भागीरथाबाई दर शनिवारी हजेरीबाबूंच्या खिडकीशी जायची. पण आता दिवस विचारायची नाही.

"बाबू," ती म्हणायची, "नागपूरवरून काई आलं का?"