नऊ दिवसांचा मासा

आमच्या आत्याला बाजारात 'शिळी बाई' म्हणतात, आणि ती त्या नावाला खुशाल ओ देते.

"काय शिळी बाई, आज किती दिवसांचा?" समोरचा गाळेवाला ओरडतो.

"तुझ्या अकलेपेक्षा मोठा आहे," आत्या म्हणते आणि सुरी पुसते.

तिचा गाळा शेवटचा, गटाराला लागून. आतोबा गेल्यापासून बावीस वर्षं ती तिथे उभी आहे. त्या गाळ्याशिवाय तिचं म्हणून दुसरं काही नाही.

बाकीचे गाळेवाले दर तासाला माशांवर पाणी मारतात. मासा चकाकला की ताजा! आत्याकडे पाण्याचा थेंब चालत नाही. काचेच्या दाराचं थंड कपाट, आत छोटा पंखा आणि शेपटीला बांधून टांगलेले मासे: पोट साफ, कल्ले काढलेले, कोरड्या फडक्याने पुसलेले. मी मदतीला आले तेव्हा चांगुलपणा करायला गेले आणि एक मासा नळाखाली धुऊन टांगला. तीन दिवसांत त्याला वास सुटला. आत्या आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मासे दिवसचे दिवस टांगून मुरवायचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते तापामुळे. एकदा आजारपणात कपाटात टांगलेला मासा आठ दिवस तसाच राहिला. टाकवेना म्हणून तिने हट्टाने भाजून खाल्ला आणि तशीच खुर्चीत बसून राहिली. असा मासा तिने जन्मात खाल्ला नव्हता. पण पुढचे चार मासे सडले. मग कारण शोधत ती बंदराचे तीन धक्के पालथे घालून आली. शेवटी एक होडीवाला सापडला, जो मासा पकडल्या पकडल्या त्याचं रक्त काढून बर्फात ठेवायचा. "मासा नंतर बघ, आधी होडी बघ," असं ती मला अजून ऐकवते.

तिच्याकडे गिऱ्हाईक वाढलं आणि पहिल्या गाळेवाल्यांच्या पोटात दुखू लागलं. बाजाराचे अध्यक्षही तेच. त्यांनी शिळा माल विकते म्हणून तक्रार केली आणि एका सकाळी तपासनीस आला.

"शिळा निघाला तर गाळा आजच बंद," त्याने बजावलं. मग मासा उलटासुलटा केला. "कल्ले कुठे आहेत? लाल कल्ले म्हणजे ताजा, असा नियम आहे."

"काढले. तुमचं अपेंडिक्स काढलं तर तुम्हाला मेलेला म्हणू का?"

तो मासा धुवायला नळाकडे वळला. आत्याने झटकन नळ बंद केला.

"पाणी लावायचं नाही. नाक आणलंय ना सोबत? मग वास घ्या. आणि अध्यक्षांच्या माशाचाही घ्या."

अध्यक्षांनी ऐटीत आपला 'आजचा ताजा' आणला. दोन्ही चिरले. ताज्याला आंबूस वास येत होता. आत्याच्या माशाला लोण्यासारखा. तेवढ्यावर न थांबता तिने तवा तापवला. ताजा स्वतःच्याच पाण्यात शिजून विखुरला. नऊ दिवसांच्या माशाची कातडी कुरकुरीत झाली. तपासनिसाने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, आणि तिसऱ्याला त्याने विचारलंसुद्धा नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"मासा चांगला आहे," तो म्हणाला. "पण किती दिवसांचा ते पाटीवर लिहायचं. लोकांना कळलं पाहिजे."

अध्यक्ष खो खो हसले. "लिहा हो बाई, मोठ्या अक्षरात लिहा!"

"लिहिते की. पण नियम माझ्या एकटीलाच का?"

तपासनिसाच्या तोंडात घास होता. अध्यक्षांकडे न बघता तो म्हणाला, "सगळ्यांनाच."

दुपारपर्यंत चोवीस पाट्या लागल्या. आत्याने फूटभर अक्षरांत लिहिलं: नऊ दिवस. बाकीच्या तेवीस कोऱ्या होत्या. पहिल्या गाळ्यावर एका गिऱ्हाइकाने विचारलं, "तुमचा किती दिवसांचा?" अध्यक्ष माशांवर पाणी मारत राहिले.

"लिहा ना अध्यक्ष!" आत्या शेवटच्या गाळ्यावरून ओरडली. "खडू नसेल तर मी देते!"